कुनाचा नाय

आज तव्यावर तांदळाची भाकरी करपली आणि त्या वासाने किन्हवली गावातले काकीचे अंगण आठवले. ज्या काकीच्या भाकरीवर मी पदवीपर्यंत पोचलो, तिची करपलेली भाकरी रोज लाल्या कुत्र्याची असे. एकदा शहरातून आलेल्या बाईंनी विचारले, "हा कुणाचा?"

"कुनाचा नाय, गावचा हाय," म्हणत काकी शेतावर गेली. बाईंनी लाल्याला मायेने गाडीत घेतले, पाळायला नेले.

संध्याकाळी काकी भाकरी घेऊन "यू, यू" करत राहिली. बाईंनी नेल्याचे मी सांगितल्यावर चिडली, "कुनाचा नाय म्हटलं रे, न्या म्हटलं का मी?"

लाल्या तिकडे सुखातच राहिला असेल. तरी 'कुनाचा नाय' म्हणजे नक्की काय, हे मराठी घेऊन पदवीधर झालो तरी मला उमगलेले नाही. करपलेली भाकरी अजून टाकलेली नाही.