सूर्येचं शेपूट

आमच्या पाणी वापर संस्थेच्या मीटिंगला पाणी सोडून सगळं येतं. चहा येतो, फरसाण येतं, अध्यक्षसुद्धा येतात, अर्धा तास उशिरा का होईना. पाणी तेवढं येत नाही. मग बसल्या बसल्या करायचं काय? किस्से सांगायचे! कालव्यातून शेताकडे येणाऱ्या चारीत दरवर्षी गाळ साचतो तसे हे साचलेत. गाळ निदान कोणीतरी काढल्यासारखं तरी करतं. किस्से काढायला माझ्याशिवाय आहे कोण?

आधी ओळख करून देते. मी मालती. डहाणूकडच्या वरोरच्या अलीकडे आमचा पाडा, घरात बसून समुद्राची गाज ऐकू येते. थोडं उन्हाळी भात, थोडी मिरची, आणि दीर मासेमारीच्या बोटीवर. संस्थेत मी संचालक आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही हो, नियमात एक बाई लागते म्हणून घेतलं. ‘वहिनी, तुम्ही फक्त सही करायची,’ असं आमचे अध्यक्ष जयेंद्रभाऊ म्हणाले होते. तिथेच त्यांचं चुकलं.

*

पहिल्याच मीटिंगला मी विचारलं, “एवढी मोठी सूर्या नदी, एवढं मोठं धरण, मग आपल्यापर्यंत पाणी का नाही येत?”

जयेंद्रभाऊंना समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी चहाची किटली उचलली. “ही किटली म्हणजे धामणीचं धरण. वर जव्हारच्या डोंगरातून सूर्या येते, ती इथे अडते. मग खाली कवडासचा बंधारा. तिथून दोन कालवे. डावा पालघरच्या बाजूला, उजवा आपल्या डहाणूच्या बाजूला. आणि उजव्याच्या अगदी शेवटी, शेपटाला, आपण.”

मग कप भरायला लागले. “हा वरच्या गावांचा. हा मधल्या गावांचा. हा मोठा ग्लास शहरांचा. त्यांचं पाणी पाइपातून जातं, वाटेत कोणी हात घालू शकत नाही.” कप भरला की शेजारचा माणूस उचलायचा आणि प्यायचा. सगळे मन लावून ऐकत होते.

माझ्यापाशी किटली आली. भाऊंनी ती पार उलटी केली. चहापत्तीचा चोथा पडला.

“आणि माझा चहा?”

“वहिनी, तेच तर समजावतोय!”

समजलं. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही तो नाहीच.

*

वरची गावं काय करतात, तर कालव्यात रेतीने भरलेल्या गोण्या टाकतात. पाणी तुंबतं, चढतं आणि त्यांच्या शेतात शिरतं. खाली आमच्याकडे येतो तो नुसता ओलावा.

एकदा ठरलं, आज सोक्षमोक्ष! जयेंद्रभाऊ, मी आणि लखमा असे सकाळीच निघालो. लखमा म्हणजे आमचा पाटकरी, कालव्याची दारं उघडणारा आणि लावणारा. जीपमध्ये भाऊ मुठी आवळून बसले होते. “आज मी कोणाचं ऐकणार नाही,” असं वाटेत चार वेळा तरी म्हणाले.

पोचलो. लखमाने पाण्यात उतरून गोण्या उपसल्या. तेवढ्यात गावातले पाच-सहा जण आले. मला वाटलं, आता जुंपणार! पण ते एकदम गोड. “या भाऊ, बसा, ताडी घ्या, ताजी आहे.” भाऊ बसले. बसले ते बसलेच. निघताना त्या लोकांनी वांग्यांची एक मोठी पिशवी हातात दिली.

परत येताना भाऊंचा राग कुठल्या कुठे. पिशवीत हात घालून म्हणतात, “वांगी काय तुकतुकीत आहेत नाही, वहिनी?”

मी म्हटलं, “असणारच! आपल्याच पाण्याची आहेत!”

उपसलेल्या गोण्या पुरावा म्हणून आम्ही जीपमध्ये टाकून आणल्या होत्या. त्या संस्थेच्या ऑफिसमागे पडून राहिल्या. पुरावा कोणी मागितलाच नाही. पुढे त्या कामाला आल्या, ते सांगते शेवटी.

*

मग पाटबंधारे खात्याला जाग आली. छोटे साहेब, म्हणजे आमच्या भागाचे इंजिनिअर, स्वतः मीटिंगला आले. हातात स्वतःची पाण्याची बाटली. साहेब लोक आमच्याकडे येतात ते बाटली घेऊनच, आमच्या घरचं पाणी काही त्यांना चालत नाही. कारणही आहे त्याला, त्यावर येते.

साहेब म्हणाले, “यंदा नवीन धोरण. टेल टू हेड! आधी शेपटाला पाणी, मग वर.”

टाळ्या! भाऊंनी तर डोळे पुसले. तेवढ्यात मागून लखमाने हात वर केला. “साहेब, पाणी मग समुद्राकडून येणार काय?”

सगळे हसले. साहेबही हसले. लखमा हसला नाही, त्याला खरंच विचारायचं होतं. वरच्यांची दारं बंद ठेवायची आणि आधी खाली पाणी जाऊ द्यायचं, असा त्या धोरणाचा अर्थ. पण वरची दारं बंद ठेवायला तिथे उभं कोण राहणार? लखमा एकटाच. सगळ्या कालव्याला एक लखमा! तो एक दार लावून दुसऱ्याकडे गेला की पहिलं उघडं. त्या वर्षी पाणी आमच्या अलीकडच्या, रस्त्याखालच्या मोरीपर्यंत आलं आणि तिथेच मुक्काम करून परत आटलं.

*

माझी बहीण तलासरीला दिली आहे. त्यांच्याकडे वरोळी नदी, सूर्येच्या मानाने एवढीशी. तिच्यावर कुर्झ्याचं धरण. बहिणीचा फोन, “आमच्या पाटाला भरपूर पाणी आहे, ये की राहायला.” मी हे मीटिंगमध्ये बोलून बसले. जयेंद्रभाऊ उठलेच. “अभ्यास दौरा!”

सगळं संचालक मंडळ एसटीने तलासरीला. बहिणीच्या सासऱ्यांनी आम्हाला पाटावर नेलं. काठोकाठ भरलेला, खळाळता पाट! आमची माणसं थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली. मग एकाने शर्ट काढला. मग दुसऱ्याने. दहा मिनिटांत अख्खं संचालक मंडळ पाण्यात! भाऊ तर उताणे होऊन तरंगत होते. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसले. बहिणीच्या सासऱ्यांसमोर मला तोंड कुठे लपवू असं झालं.

पुढच्या मीटिंगला मी दौऱ्याचा अहवाल मागितला. भाऊंनी घसा साफ केला. “पाणी गार होतं.”

हात टेकले मी.

*

आता विहिरीचं सांगते, कारण सगळं दुखणं तिथे आहे. भातामिरचीचं नुकसान होतं ते होतंच. पण कालव्याला पाणी आलं की ते जमिनीत मुरतं आणि आमच्या पाड्याची विहीर गोड राहते. कालवा कोरडा राहिला की समुद्र आतून सरकतो. होळीपर्यंत विहीर मचूळ, पुढे खारट. चहात दूध घातलं की फाटतं. डहाणूचे पाहुणे येताना स्वतःचा कॅन घेऊन येतात आणि जाताना रिकामा कॅनसुद्धा घेऊन जातात!

सासूबाईंना बीपी आहे. आम्ही त्यांना आईच म्हणतो. डहाणूच्या डॉक्टरांनी बजावलं, “आजी, मीठ एकदम कमी करा. तुमचं बीपी खाली येतच नाही. असंच राहिलं तर एक दिवस लकवा मारेल.”

आई म्हणाल्या, “मीठ मी नाय घालत, डॉक्टर. विहीर घालते.”

डॉक्टरांना वाटलं म्हातारी विनोद करते. विकतचा कॅन आणला तर आई तो नातवंडांना देतात आणि स्वतः विहिरीचंच पितात. डहाणूला धाकट्या मुलाकडे राहायला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. “या विहिरीवर नवरी म्हणून पयली घागर भरली मी. ती गोड होईल परत. पाणी येऊं दे.”

आमच्याकडे पद्धत आहे, चारीला वर्षाचं पहिलं पाणी आलं की पाड्यातल्या मोठ्या बाईने नारळ वाढवायचा. तो मान आईंचा. दर वर्षी त्या नारळ आणून देवापाशी ठेवतात. पाणी येत नाही. नारळ आतून सुकून खडखड वाजायला लागतो. मग नवा आणतात. मला त्या नारळाकडे बघितलं की रडूच यायचं, आणि मग राग यायचा. सगळ्यांचा.

*

आणि आता परवाचं, होळी उलटून गेल्यावरचं. मोठे साहेब येणार होते! कुठूनतरी वरून फर्मान सुटलं होतं की शेपटापर्यंत पाणी पोचल्याचा व्हिडिओ पाहिजे. पाणी नेहमीप्रमाणे मोरीपाशी थबकलेलं. छोट्या साहेबांना घाम फुटला. सकाळी आम्ही चारीवर जाऊन बघतो तर काय, चारीला पाणी! निवळशंख, चमचमतं. सिमेंटच्या चारीत दोन्ही टोकांना गोण्या लावून मधे तळं केलेलं. गोण्या कुठल्या? आमच्याच! ऑफिसमागच्या, पुराव्याच्या!

लखमा माझ्या कानाशी आला. “वहिनी, टँकरचं पाणी आहे. पहाटे आपल्याच विहिरीवर लावला होता पंप.”

मी जयेंद्रभाऊंकडे बघितलं. भाऊ आभाळाकडे बघत होते.

गाड्या आल्या. मंडप, हार, भाषण. मोठे साहेब चांगले बोलले, खरंच चांगले बोलले. सूर्यामाई डोंगरातून निघून शेवटच्या माणसापर्यंत कशी पोचली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांना बिचाऱ्यांना टँकरचा पत्ताच नव्हता. छोटे साहेब मात्र सारखे चारीकडे बघत होते. गोणीतून पाणी झिरपायला लागलं होतं.

मग जलपूजन. नारळ आणायला विसरलेले! छोटे साहेब धावत आईंपाशी आले. त्यांच्या पदराखाली नारळ दिसत होता.

“आजी, द्या ना तो नारळ.”

“नाय. ह्यो पाण्याला ठेवलाय.”

“अहो, हे काय मग? पाणीच आहे ना!”

आईंनी नारळ आणखी घट्ट धरला. शेवटी फुलं वाहून पूजा उरकली. तेवढ्यात व्हिडिओवाला ओरडला, “सर, एक ओंजळ घ्या ना! तीर्थ म्हणून! भारी शॉट येईल!”

छोटे साहेब बाटली घेऊन पुढे झाले. “सर, हे... हे घ्या.” मोठ्या साहेबांनी बाटली बाजूला सारली. “छे! आज सूर्यामाईचंच.” चपला काढल्या, खाली वाकले, ओंजळ भरली आणि डोळे मिटून एक मोठा घोट घेतला.

कॅमेरा चालू. साहेबांचे डोळे हळूच उघडले. गाल फुगलेले. गिळताही येईना आणि चारचौघांत थुंकताही येईना.

आई काठी टेकत पुढे गेल्या. पदराचं टोक साहेबांपुढे धरलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या,

“थोडंच घ्या, साहेब. बीपी वाढतं.”