पट्ट्यापट्ट्यांचं विमान

शाळेतून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात मला मोबाइलवर एका जुन्या इंग्रजी विमानाचा फोटो सापडला. माणूस नुकताच उडायला शिकत होता, त्या काळातलं. नेहमीसारखे दोन मोठे पंख नव्हतेच. खिडकीच्या झडपांसारख्या अरुंद पट्ट्या, एकावर एक, कितीतरी. आणि म्हणे ते थोडंसं उडालंही होतं. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, पण हे उडालं कसं ते मला कळेना.

शेजारचे मामा हातमाग दुरुस्त करायचे. आता माग थोडेच उरलेत, त्यामुळे दुपारी घरीच असतात. त्यांना फोटो दाखवला.

"बाई, ही तर फणी हाय की!" ते म्हणाले. मागाच्या फणीतही अशाच बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून सूत जातं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "पट्टी सपाट हाय का?"

"नाही, पाठीला बाक आहे."

"मग करून बघू की."

चार दिवसांनी ते बांबूची चौकट घेऊन आले. प्रत्येक पट्टी तासून बाक दिलेला, कुठे हाताला टोचत नव्हतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा मी स्टुलावर ठेवला, त्यावर चौकट, समोर कूलर. वाऱ्याने पट्ट्या वर उचलल्या, तर काट्यावर वजन कमी दिसायला हवं.

कूलर लावला आणि चौकट धाडकन मागे पडली. मामांनी तिला दोन लांब पाय ठोकले. मग ती उभी राहिली, पण आकडा जागचा हलेना. मामा पट्ट्यांमागे तळहात धरून बराच वेळ वारा चाचपत राहिले.

"लई दाट झालं. वारा आत शिरतच न्हाय."

त्यांनी एकाआड एक पट्टी काढली. मी वजन नव्याने बघून घेतलं आणि कूलर लावला. आकडा थरथरला, मग उतरायला लागला. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मामा काट्यावर वाकलेलेच.

"उचलतंय की ओ! मग आता अशी इमानं का करत न्हाईत?"

"पट्ट्या उचलतात, तशा वाऱ्याला अडवतातही. पुढे जायला जोर फार लागतो."

"किती अडवतात? मोजलं का तुमी?"

मोजलं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं सांगत होते. मी उठले आणि ओढ मोजायचा स्प्रिंगचा काटा कपाटात कुठे ठेवलाय ते शोधायला लागले.