खोललेली गाडी

आमच्या कोरेगावात समोरच्या घरी एक निवृत्त सुभेदार राहतात. नाव मला ठाऊक नाही, सगळे सुभेदारच म्हणतात. त्यांच्या अंगणात एक जुनी मोटारसायकल आहे. म्हणजे तिचे सुटे भाग आहेत. रोज सकाळी ते एखादा भाग पेट्रोलनं धुतात, फडक्यानं पुसतात आणि उन्हात धरून बघत बसतात.

यंदा दसऱ्याला मात्र गाडी झेंडूचा हार घालून अख्खी उभी होती. पहिल्याच किकला सुरू झाली. सुभेदारीण काकू नव्या लुगड्यात येऊन मागं बसल्या. सुभेदारांनी इंजिनाला कान लावला, चेहरा पाडला आणि गाडी बंद केली.

"आवाज येतोय. खोलाय लागंल."

काकू उतरून आत गेल्या. मी म्हटलं, "मला तर आवाज चांगला वाटला."

सुभेदारांनी दाराकडं बघून घेतलं. "आरं, चालू गाडी दिसली की समदं गाव मागाय येतंय. खोललेली कोण मागत न्हाई." त्यांनी हार काढून पाना उचलला.

तेवढ्यात काकू आपट्याची पानं घेऊन बाहेर आल्या. "तुजी स्कूटर दे की जरा. दोघास्नी सोनं वाटाय जायचं हाय."

सुभेदार पाना ठेवून हात पुसायला लागले. मी चावी दिली. माझी गाडी चालू होती, सांगणार काय!