हद्दीवर लावलेला शेंदूर

चहा गार होतोय, आधी घोटभर घ्या. मग सांगतो.

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. पण तेलात शेंदूर कालवून, हार घालून, नारळ फोडून केलेला मूर्खपणा एकच! आणि तो कुणी करायला लावला नाही बरं का. माझ्याच डोक्यातून निघाला. तेव्हा तर मला वाटलं होतं, अख्ख्या कामथडीत माझ्याएवढा हुशार माणूस नाही.

मी भोरला एका शाळेत क्लार्क होतो. बायकोमुलांना घेऊन तिकडेच राहायचो, आणि कामथडीच्या घरात आई एकटी. एकटी म्हणजे, शेजारी तात्या होते. माझ्या वडिलांचे जोडीदार. वडील गेल्यावर आईचं दळण आणण्यापासून ते पावसाच्या आधी कौलं नीट करण्यापर्यंत सगळं तात्याच बघायचे.

आमच्या दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा. भिंत नाही, तार नाही. नुसतं गवत, आणि त्यात अर्धा रुतलेला एक काळा दगड. वडील संध्याकाळी त्याच्यावर बसून तंबाखू मळायचे. हा दगड म्हणजे आपली हद्द, असं मी लहानपणापासून मनात धरून बसलो होतो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! पण मी जन्मभर दाखल्यांवर शिक्के मारलेला माणूस. मला कुणी काही सांगायची गरजच वाटायची नाही.

पुढे हायवेच्या कडेच्या जागांना भाव आला आणि गावात घराघराच्या भिंती पुढे सरकायला लागल्या. कुणी पडवी वाढवली, कुणी मोरी बाहेर काढली. रविवारी एसटीतून उतरलो की हद्दीचं एक नवं भांडण कानावर यायचंच. अशातच एका रविवारी बघतो तर त्या मोकळ्या जागेत, दगडाच्या पलीकडे, तात्यांनी कडब्याची गंजी रचलेली!

मला घाम फुटला. आज गंजी, उद्या गोठा, परवा दगडच इकडे आला तर? मी भोरला, लक्ष कोण ठेवणार?

आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "तात्या हायती न्हवं? मग कशाची काळजी?"

अहो, काळजी तात्यांचीच होती!

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन विचारायचं नाही का? पण लाज वाटली हो. ज्या माणसाने माझ्या बापाला खांदा दिला, त्याला कसं विचारायचं? संशय घ्यायला मात्र मला लाज वाटली नाही. बघा, माणसाची अक्कल कशी चालते!

मग मी डोकं चालवलं. आपल्याकडे लोक तारेचं कुंपण उपटतात, सिमेंटचे खांब पाडतात. पण शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायची कुणाची छाती आहे का? एका बाजाराच्या दिवशी, सगळे नसरापूरला गेलेले बघून, मी दगड धुतला, तेल-शेंदूर चोपडला, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दगडाचा म्हसोबा झाला. पाऊण तासात!

हात पुसत होतो, तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन तात्या समोर. ते माझ्याकडेच येत होते, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. दगडाकडे बघून जागच्या जागी थांबले.

"सदा, ह्ये काय रं?"

तोंडाला येईल ते बोललो. "तात्या, पहाटे म्हसोबा स्वप्नात आला. म्हणाला, मी इथं आहे, मला उघडा ठेवू नको."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या.

"हितंच हाय म्हनला?"

"इथंच. ही हद्द आहे म्हणाला."

"हद्द म्हनला?"

"हो."

"मग झालं," तात्या म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. बोलायचं होतं ते बोललेच नाहीत. एसटीत मी खिडकीशी बसून गालात हसत होतो. फुकटचा रखवालदार मिळाला होता ना!

पण देवाचं एक असतं. एकदा बसवला की तो आपल्या हातात राहत नाही. तात्यांची म्हैस आटली होती, ती म्हणे पंधरवड्यात दुधाला आली. झालं! तात्यांनी भोवती सिमेंटचा ओटा बांधला. कुणीतरी घंटा लावली. तात्यांची भाची विंझरहून नवस बोलायला आली, तिचं काम झालं, मग तिच्या जावा आल्या. अमावास्येला नैवेद्याची ताटं लागायला लागली. आमची आई रोज सकाळी पाणी घालायची. पुढे पुढे मीही गावी आलो की चपला काढून नमस्कार करायला लागलो. आपणच चोपडलेला शेंदूर, पण सवय लागते हो!

अशी तीन-चार वर्षं गेली. मी रिटायर होऊन गावी आलो आणि तेव्हाच आईचे गुडघे गेले. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पायऱ्या नकोत, खाली बसणं नको, कमोड पाहिजे. आणि आमचा संडास परसात, पाच पायऱ्या उतरून! आईला तिथूनच माझ्या बहिणीच्या फ्लॅटवर ठेवलं. रोज तिचा फोन. "सदा, मला घरी न्हे रं. हितं खिडकीतनं नुसत्या खिडक्याच दिसत्यात. माजं काय व्हायचं ते माज्या घरात हू दे."

दीड महिन्यात घराला जोडून एक खोली काढायची, आत कमोड, वर पत्रा, असं ठरवलं. जागा एकच. पुढे रस्ता, मागे उतार, एका अंगाला दुसऱ्याची भिंत. उरली म्हसोबाची बाजू.

हद्दीच्या इतक्या जवळ बांधायचं, तर आधी सरकारी मोजणी करून घ्या, असं ग्रामपंचायतीत सांगितलं. मोजणीवाले आले. काठीवरचं यंत्र इकडे धरलं, तिकडे धरलं, आणि खुणेची खुंटी ठोकली. कुठे ठोकली असेल? दगडाच्या पलीकडे साडेतीन फूट! थेट तात्यांच्या गंजीत.

म्हणजे साडेतीन फूट जागा माझी होती आणि मला पत्ता नाही! तात्या तिथेच उभे होते. मला वाटलं, आता भांडण होणार. ते नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि दुपारपासून गंजी हलवायला लागले. मी मनात म्हटलं, वा रे शेंदूर, पावलास!

कुठला पावतोय! दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. नव्या हद्दीपासून सोडायची तेवढी जागा सोडून त्याने जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. खोलीचा चौकोन उमटला. मग तो एका कोपऱ्याशी थबकला.

"साहेब, हितं काय येनार?"

"कमोड."

"आन् ह्यो?"

रेघांच्या आत, बरोबर कमोडच्या जागी, ओट्यावर झेंडूची माळ घालून म्हसोबा बसलेला.

"हलवू या की," मी म्हटलं.

मिस्त्रीने फक्कीचा डबा खाली ठेवला. "साहेब, तीस वर्सं गवंडीकाम करतोय. पर देवाच्या डोक्यावर संडास? माजी बायकापोरं हायती."

"अरे, मग कोपरा बदल."

"बदलला, तर देव आईच्या पलंगाखाली येतोय. आन् दगडाच्या अलीकडं भित घेतली, तर आत वॉकर वळायचा न्हाई."

"मग काय करायचं?"

"तुमच्या सपनात आला हुता न्हवं? तुमीच इचारा त्याला."

आता मला सांगा, यावर माणूस काय करेल? मला दुसरं स्वप्न पडलं! सकाळी उठून पारावर जाहीर केलं, की म्हसोबा आला होता, मला ओढ्याकाठी ने म्हणाला. चार वर्षांपूर्वी ज्या लोकांनी न बोलता हात जोडले होते, ते सगळे माझ्याकडे बघत राहिले.

एक म्हातारा म्हणाला, "मोजणी व्हईस्तवर गप हुता व्हय?"

दुसरा म्हणाला, "साडेतीन फूट गावल्यावर बरा बोलायला लागला!"

खाली मान घालून घरी आलो. पहिलं स्वप्न खोटं होतं ते खरं ठरलं होतं, आणि त्याच्यामुळेच आता माझं काम अडलं होतं. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला. आठ दिवस गेले, दहा गेले. आईचा फोन आला. "खोली कुठवर आली रं?" मी म्हटलं, "होतेय." ती म्हणाली, "म्हसोबाला नारळ ठिव. त्योच करंल."

त्या फोननंतर मला घरात बसवेना. उठलो आणि तात्यांच्या गोठ्यात गेलो. तात्या म्हशीला वैरण टाकत होते.

"तात्या, एक सांगायचंय. ते स्वप्न-बिप्न काही पडलं नव्हतं."

"आत्ताचं? ते समद्यास्नी कळलं."

"आत्ताचं नव्हे. पहिलं."

तात्यांचा हात थांबला.

"तुम्ही दगड सरकवाल अशी भीती वाटली मला. म्हणून मीच शेंदूर लावला."

तात्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते खाली बसले आणि पेंडीची दोरी उगाच बोटाला गुंडाळत राहिले.

"सदा, त्यो हद्दीचा दगडच न्हवं रं. तुज्या बापाला बसाय म्हनून म्याच त्यो नदीतनं गाडीत घालून आनला हुता. हद्दीचा दगड माज्या गंजीखाली हाय. म्या आन् तुज्या बापानं मिळून पुरलाय."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"त्येच सांगाया आलो हुतो त्या बाजारच्या दिशी. म्हननार हुतो, गंजी तुज्या जागंत आलीया, तुजी हरकत न्हाई न्हवं? तर तू म्हनलास, देवानं हितं हद्द सांगितली. म्हनलं, देवच आपल्याला जागा देतोय, तर आपन कोन न्हाई म्हननार?" मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाले, "तू शिकल्याला मानूस. देवाचं नाव घिऊन खोटं कशापायी बोलशील?"

जो माणूस माझी जागा मला विचारून वापरायला आला होता, त्याला मी चोर ठरवलं होतं. आणि त्याच्यापासून वाचवायच्या नादात माझी साडेतीन फूट जागा त्यालाच, देवाला साक्षी ठेवून, देऊन टाकली होती! शेंदराचा खर्चही माझाच. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, म्हशीसमोर रडलो.

"तात्या, गावाला मी खरं सांगतो."

"नगं."

"का?"

"तुजी आई रोज त्याला पानी घालती. आपरेशनला जाताना त्याच्याच पाया पडून गेली. तिला काय सांगशील? माज्या लेकानं लबाडी केली, म्हनून?" तात्या उठले, धोतर झटकलं. "जा घरी. मिस्त्रीला बोलीव उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर तात्या जाऊन उभे राहिले. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. कान लाल झाले होते आणि नजर जमिनीवर. मला वाटलं, आता अडखळणार. पण त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "माज्या सपनात म्हसोबा आला. म्हनला, मला तुज्या दारात घिऊन चल."

एकानेही शंका घेतली नाही! एकानेही!

दुपारी हलगी लावून देव हलला. साडेतीन फुटांवरची हद्द ओलांडून तात्यांच्या दारात बसला. नवा ओटा झाला, जुनी घंटा तिकडे गेली. तात्यांच्या अंगणातली बैलगाडी उभी करायची जागा गेली, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मिस्त्रीने झपाट्याने काम ओढलं आणि आई दोन आठवडे उशिरा का होईना, घरी आली.

वॉकर धरून तिने नवी खोली बघितली. कमोड बघितला, नळ सोडून बघितला, खूश झाली. मग खिडकीशी गेली. समोर तात्यांच्या दारात म्हसोबा, आणि वाकून त्याला पाणी घालणारे तात्या. आईने तिथूनच हात जोडले.

"सदा, द्येव तुज्या सपनात आला, तुज्या दारात बसला. मग तिकडं कसा गेला रं?"

मी म्हटलं, "त्याची इच्छा, आई."

आई वॉकर वळवत म्हणाली, "चार वर्सं हितं ऱ्हाऊन त्यानं तुमा दोगांना बी बगितलं आसंल. देवाला मानसं कळत्यात बाबा."