कालिंदीकाकूंचं परदेशी टरबूज

बालाघाटच्या बाजारात आमच्या कालिंदीकाकूंना भाजीवाले टरकून असत. काकू टरबूज कानाशी धरून टिचकी मारत आणि आवाज पटला नाही, की भाजीवाल्याच्या तोंडावर परत करत.

बहात्तर साली मुलाने, गुणाकरने, त्यांना जर्मनीला नेलं. मोठ्या हौसेने जुनं चर्च दाखवलं. काकू म्हणाल्या, "पाह्यलं. आता बाजार कुठी हाये?"

बाजारात काकूंनी टरबुजाला हात घातला, तशी विकणारी बाई खेकसली. गुणाकर कुजबुजला, "आई, इथं मालाले हात लावू देत नाहीत."

"मंग आतून पिकलं का नाही, मले कसं समजन?"

काकू हटल्या नाहीत. पदर खोचून, टरबुजाला कान देऊन वाकूनच राहिल्या. मागे रांग वाढली. शेवटी वैतागून त्या बाईनेच टिचकी मारली. काकूंनी मान हलवली. बाईने दुसरं वाजवलं, मग तिसरं.

"हौ," काकू म्हणाल्या.

बाईने ते तोलून दिलं. मग रांगेतला पुढचा साहेब टोपी काढून, कान पुढे करून वाकला.

त्याला पत्ताकोबी हवी होती.