शिमग्याला गावी, बाबांचा श्वास डिकीत घेऊन

डॉक्टर "जपून जा" म्हणाले आणि बाबांनी त्यातलं फक्त "जा" ऐकलं. शिमग्याला पालखी दारात येणार आणि आपण इथे काशीमीऱ्याला हायवेवरच्या खिडकीतून ट्रक बघायचे? "या वर्षी नाही, तर कधी गं बाय?" त्यांनी विचारलं. बाबांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं, विजेवर चालणारं. संगमेश्वरजवळचं आमचं गाव म्हणजे सणाच्या गर्दीत आठ तास. तेवढी वीज गाडीत आणायची कुठून?

म्हणून पॉवर स्टेशन घेतलं, म्हणजे छोट्या सुटकेसएवढा लिथियम बॅटरीचा डबा. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर ऐका. दुकानदार "दो हजार वॅट, मॅडम, पूरा घर चलेगा" म्हणतो, त्याला भुलू नका. वॅट म्हणजे एका वेळी किती ओढेल. किती वेळ पुरेल ते वॅट-अवरवर ठरतं. आमचं मशीन तीनशे वॅट खातं. दोन हजार वॅट-अवरचा डबा कागदावर साडेसहा तास, खरं तर साडेपाच. घरी घड्याळ लावून बघितलंय. बाकीचं जेवणाच्या थांब्यावर चार्ज करायचं. 'प्युअर साईन वेव्ह'च घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा, नाहीतर मशीन बिघडतं. किंमत विचारू नका, तेवढ्यात सेकंडहँड बाईक आली असती. शिवाय अडीअडचणीला तासाभराचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर घेतला.

निघायच्या सकाळी आईने डब्याची पूजा केली. आमच्याकडे मिक्सरसुद्धा पूजेशिवाय सुरू होत नाही. हळद-कुंकू, फूल, वर मूठभर अक्षता. मी घाईत फूल काढलं, डबा डिकीत ठेवला, हवा लागेल अशा बॅगा रचल्या. स्वतःला फार शहाणी समजत होते.

सातला निघालो. घोडबंदर, पनवेल, वडखळला वडापाव. माणगावच्या अलीकडे गाड्या ठप्प. साडेदहाच वाजले होते, पण ऊन रणरणत होतं. डिकीतून कर्रर्र आवाज आला, मग टीं टीं, मग काहीच नाही. डबा बंद, मशीन बंद, आणि मशीनचा भोंगा सुरू.

बाबांच्या बोटावरच्या क्लिपवर ऑक्सिजनचा आकडा ९२, ९०, ८७. त्यांनी आईचा हात घट्ट धरला. "अगं, काहीतरी कर!" आई किंचाळली. सिलिंडरची चावी माझ्या हातातून दोनदा पडली. देवाशपथ, एवढी मी जन्मात घाबरले नव्हते. ऑक्सिजन लागला एकदाचा, पण तो तासाभराचा. पुढे गाड्या, मागे गाड्या.

भोंगा ऐकून रस्त्याकडेचा पंक्चरवाला धावत आला. "ताई, त्यांना आत आणा. माझ्याकडं लाईट हाय." त्याच्या प्लगवर मशीन सुरू झालं. आकडा ९३ झाला तेव्हा मी तिथल्या टायरवर बसून ढसाढसा रडले.

मग डबा उलटा केला. जाळीतून हळदीचे तांदूळ टपटप पडले. डबा थंड ठेवणारा आतला पंखा दाण्यांनी अडकला, डबा तापला आणि स्वतःच बंद झाला होता. पंक्चरवाल्याने हवेच्या पाईपने उरलेले दाणे उडवले. आई ते जमिनीवरून वेचत होती. "माझ्याच हाताने..." एवढंच म्हणाली. तासाभरात डबा थंड होऊन चार्जही झाला. पैसे देऊ केले तर तो म्हणाला, "पालखीला माझाबी नारळ ठेवा."

ठेवला. दुसऱ्या दिवशी पालखी अंगणात नाचली. ओट्यावर बाबा, नाकात नळी, डोळ्यांत पाणी. आणि मी? मी सगळा वेळ क्लिपचा आकडा बघत होते. पालखी मी बघितलीच नाही.

परत येताना काही झालं नाही, तरी माणगाव मागे पडेपर्यंत सगळ्यांचे कान डिकीकडे होते. घरी आता डबा बाबांच्या पलंगाशी असतो. आई त्याच्या जवळ जात नाही, लांबूनच हात जोडते. परवा लाईट गेली. डब्यावर मशीन सुरू झालं, पंखा नीट फिरला. बाबा म्हणाले, "ये की इकडे. कुंकू लाव त्याला, तांदूळ तेवढे राहू देत."

तिने देवघरातला करंडा आणला. बोट कुंकवात बुडवलं, डब्यापर्यंत नेलं, आणि तिथून वळवून बाबांच्या कपाळाला लावलं.