टेबल अडवणारी कादंबरी

वेंडेल हॅस्किन्स मूळचे अमेरिकेतल्या नेब्रास्काचे. सिंगापूरच्या एका विद्यापीठात ते इंग्रजी शिकवायचे. २००५ साली त्यांनी आपली एकुलती एक कादंबरी स्वतःच छापून घेतली. नायक दातांचा डॉक्टर. त्याने पाळलेलं डुक्कर निवडणुकीला उभं राहतं. प्रती सहकाऱ्यांना वाटल्या. सगळ्यांनी ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं, पण डुकराचं नाव एकालाही सांगता आलं नाही. हॅस्किन्सना पुरस्कार नको होता. आग्रहाशिवाय वाचणारा एक वाचक हवा होता.

म्हणून एका शनिवारी भर दुपारी ते विद्यापीठाशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत गेले, रिकाम्या टेबलांवर एकेक प्रत ठेवली आणि विद्यापीठात परतले. एरवी ते डब्यातली उकडलेली अंडी आपल्या खोलीतच खात, त्यामुळे इथला रिवाज त्यांना ठाऊक नव्हता. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. मग निवांत रांगेत जायचं. ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही.

त्याच विद्यापीठातली पोस्टडॉक संशोधक सुनेत्रा गजभिये नवऱ्याबरोबर तिथे जेवायला आली. नवरा निशिकांत, जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात केमिकल इंजिनिअर. रिकाम्या टेबलांभोवती माणसं वाफाळते ट्रे धरून उभी होती. प्रत्येक टेबलावर एक निळं पुस्तक. सुनेत्राने लेखकाचं नाव वाचलं, निशिकांतला थांबायला सांगितलं आणि हॅस्किन्सना त्यांच्या खोलीतून बोलावून आणलं. वाटेत रिवाज समजावला. कोणी पुस्तक उघडलंच नाही का, असं त्यांनी विचारलं.

"सर, इथे लोक दुसऱ्याच्या टिश्यूलाही हात लावत नाहीत."

हॅस्किन्स प्रती गोळा करू लागले. कोपऱ्यातल्या टेबलावरचं पुस्तक पंख्याच्या वाऱ्याने उघडलं होतं. निशिकांत हातात ट्रे धरून, मान वाकडी करून, त्याला न शिवता वाचत होता. वाऱ्याने पान उलटलं की पुढचं.

"हे टेबल तुमचं?" त्याने हॅस्किन्सना विचारलं. "मग एक सांगा. डुकराचा अर्ज बाद झाला होता ना? प्रचाराला कसं निघालं?"

मधली चार पानं पंख्याने गाळली आहेत, असं सांगून हॅस्किन्सनी त्याला बसवलं आणि पुस्तक हातात दिलं.

"अहो, जेवण गार होतंय," सुनेत्रा म्हणाली.

"थांब गं, अपील चाललंय."

हॅस्किन्स समोर बसले. थोड्या वेळाने निशिकांत हसला. कुठल्या ओळीला, हे बघायला ते टेबलावर अर्धे ओणवे झाले.